अर्धा खरवडलेला खांब

चालताना वाटेत येईल त्या खांबाला ज्ञानेश्वरी हात लावायची. विजेचा खांब, हापशाचा दांडा, मारुतीच्या देवळाचा दगडी खांब, लोहाऱ्याच्या एसटी स्टँडवरचा लोखंडी पाइप. नुसता हात लावायची नाही. तळवा घट्ट रोवायची, अंग बाहेर झोकायची आणि पलीकडून वळायची.

भिंतीला टेकून कधी बसायची नाही.

बसली की उकिडवी. एक पाय मागं, टाच उचललेली. जेवतानासुद्धा. तिची माय सिताबाई म्हणायची, "ताट पळून चाललंय का गं?"

नखं दर शनिवारी कापायची आणि दगडावर घासून गोल करायची. पाठीवर हात टाकताना पुढच्या पोरीला ओरखडा उमटू नये म्हणून.

वेणीला तीन ठिकाणी गाठी. दूध उभ्यानं, एका दमात.

रात्री नऊला आडवी व्हायची. नऊ वाजून पाच मिनिटांनी कानाशी हलगी वाजवली तरी उठायची नाही. उठवायची रीत एकच. पाठीवर थाप मारायची आणि चटकन बाजूला व्हायचं. डोळे उघडायच्या आधी ती उभी असायची, दोन पावलं पुढं गेलेली असायची. धाराशिवच्या हॉस्टेलवर जुन्या मुली हा खेळ नव्या मुलींना दाखवायच्या. सगळ्या हसायच्या. तीही हसायची आणि परत आडवी होऊन झोप पुढं चालू करायची.

ती खो-खो खेळायची. आठ जणी ओळीनं उकिडव्या बसतात, नववी पळणारीच्या मागं धावते. धावणारीनं बसलेलीच्या पाठीवर हात टाकायचा आणि मोठ्यानं 'खो' म्हणायचं. मग बसलेलीनं उठायचं. हात आणि शब्द, दोन्ही लागतात. नुसत्या हातावर उठली की फाउल. ज्ञानेश्वरीचं अंग शब्दासाठी थांबत नसे. हात पडला की ती सुटायची. हॉस्टेलचे सर शिट्टी फुंकून दमले.

"अगं, कान कुठं ठेवलेस?"

"सर, पाठीला कान न्हाईत."

हा दोष तिच्या अंगातून शेवटपर्यंत गेला नाही.

तरी तीन वेळा ती जिल्ह्याच्या संघात होती, ती खांबावरच्या पकडीसाठी. पळणारी खांबाला वळसा घालून निसटली असं सगळ्यांना वाटायचं, आणि तेवढ्यात ज्ञानेश्वरी एका हातानं खांब धरून जमिनीला समांतर सुटलेली असायची. दुसऱ्या हाताची बोटं पळणारीच्या टाचेला लागलेली असायची.

ही कला तिला मेंढरांनी शिकवली. वडील गुंडाप्पा, लोहाऱ्याच्या पुढं असलेल्या एका लहान गावचे. ऐंशी मेंढरं. टोचणी द्यायच्या दिवशी कोकरं धरायचं काम तिचं. शाळेतल्या गुरुजींनी ते एकदा पाहिलं आणि तिला मैदानात आणलं. मैदानात बाभळीचे दोन खांब होते. पोरांच्या घामानं आणि तेलानं गुळगुळीत झालेले. त्यातला एक धरून तिनं पहिला सूर मारला तेव्हा ती अकरा वर्षांची होती. पुढचा अर्धा दात त्या दिवशी मैदानातच राहिला. तेराव्या वर्षी ती धाराशिवच्या हॉस्टेलला गेली. सकाळी अडीच तास, संध्याकाळी अडीच तास. आठ वर्षं. एक दिवस खाडा नाही.

मार्च २०२० मध्ये सरांनी सगळ्यांना घरी धाडलं. "दोन आठवड्यांची गोष्ट आहे," ते म्हणाले. तिनं बूट हॉस्टेलच्या खिडकीतच ठेवले.

गावात पाय ठेवला त्याच दिवशी तिनं खांब पाहिले. शाळेच्या मैदानात नव्हे. गावाच्या तोंडाशी, लोहारा रस्त्यावर. गावच्या कोरोना कमिटीनं गावबंदी केली होती. रस्त्याच्या दोन बाजूंना तेच दोन खांब पुरले होते आणि त्यांच्यावर आडवा कळक बांधला होता. खांबांना लाल-पांढरे पट्टे मारले होते. ऑइल पेंटचे.

राखण करणारी पाच-सहा पोरं काठ्या घेऊन बसली होती. त्यांचा म्होरक्या कुलदीप. कमिटीच्या अध्यक्षाचा पुतण्या, शाळेत तिच्या वर्गात होता.

"आल्या का नॅशनल," कुलदीप म्हणाला. "आता काय खेळनार? खांब तर ड्युटीवर हायत."

"कुल्या, हे मैदानातले हायत."

"मैदानात कोन जाया लागलंय? शाळंत पुन्याचे लोक कोंडलेत. तुजा भाऊबी त्यातच हाय."

ते खरं होतं. तिचा थोरला भाऊ वैजनाथ पुण्यात कंपनीत रात्रपाळीला होता. कंपनी बंद झाली तसा तो मिळेल त्या गाडीनं आणि उरलेलं पायी चालत आला होता. शाळेच्या चौथीच्या वर्गात चौदा दिवस. मैदानात खांबांच्या जागी दोन खड्डे होते. एकात कुत्री झोपली होती.

पहिले चार दिवस ती झोपली. पाचव्या दिवशी झोप गेली.

झोप जाणं म्हणजे काय हे तिला माहीतच नव्हतं. तिला वाटलं ताप आहे. माय कपाळाला हात लावून बघायची, कपाळ गार. रात्रभर ती आढ्याकडं बघत पडायची. छाती अशी धडधडायची की मॅचचं शेवटचं मिनिट चाललं आहे. पायांच्या पोटऱ्या आपोआप आवळायच्या. डोळे मिटले की पाठ जागी व्हायची. आता कुणीतरी हात टाकणार. आता. आता.

येडशीच्या दीपालीचा फोन आला. ती हॉस्टेलला तिच्या शेजारच्या कॉटवर असायची.

"झोपलीस का गं?"

"न्हाय. तू?"

"म्या जिना चढायलेय. बावीस पायऱ्या. आज शंभरदा चढले. आई म्हनती, पोरीला लागीर झालंय." दीपाली हसली. मग हसणं थांबलं. "ज्ञाने, काल म्या भावाला चावले. रिमोटवरून. रगत आलं."

"मला पाठीत भ्याव वाटतंय."

"कशाचं?"

"कुनीतर हात ठेवंल ह्याचं."

व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर सरांनी घरच्या घरी करायचे व्यायाम पाठवले. खाली मुलींनी लिहिलं होतं. एकीला जेवण जात नव्हतं. एकीला छातीत कळ येते म्हणून दवाखान्यात नेलं होतं, डॉक्टर म्हणाले काही नाही. एक मुलगी रोज फक्त झोपेचा आकडा टाकायची. दोन तास. दीड तास. शून्य.

ज्ञानेश्वरीनं आधी शेताच्या बांधावरून पळून पाहिलं. तिसऱ्या दिवशी राखणीची पोरं तिथं आली.

"आदेश हाय. घराबाहेर पडायचं न्हाय."

"म्या एकटी पळायलेय. कुनाच्या अंगावर खोकायलेय का?"

"एकटी पोरगी पळायलीय आन् मागं कोन न्हाय, हे बघूनच लोक हासायलेत," कुलदीप म्हणाला. "खो कुनी दिला तुला?"

तिनं पाठ फिरवली आणि धाव घेतली. मागून काठी पोटऱ्यांवर बसली. दोन्ही पोटऱ्यांवर आडवे वळ उठले, बोटाएवढे जाड. ती पडली नाही. शाळेत असताना कुलदीप तिच्यापुढं दहा सेकंदांच्या वर कधी टिकला नव्हता. त्यालाही ते आठवत असावं.

मग गुंडाप्पांनी तिला मेंढरांमागं नेलं. "चाल माज्यासंगं. पाय मोकळं व्हतील."

मेंढरं सावकाश चालतात. चरतात, थांबतात, परत चरतात. ती दिवसभर त्यांच्या मागं पाऊल-पाऊल टाकत राहिली. दुसऱ्या दिवशी गुंडाप्पा ओढ्याला पाणी भरायला गेले तेव्हा तिच्या अंगात काय आलं, देव जाणे. तिनं ऐंशी मेंढरांना पळवलं. माळावर, चढावर. एकेकीला गाठायची, पाठीवर तळवा मारायची, पुढची धरायची. ती हसत होती. बऱ्याच दिवसांनी घाम डोळ्यांत उतरला होता.

चार मेंढ्या गाभण होत्या. मेंढरं राखणाऱ्या घरात हे सांगावं लागत नाही. पाच वर्षांच्या पोरालाही ते कळतं. तीच ते विसरली.

संध्याकाळी एका मेंढीनं माळावरच गाभ टाकला. कोकरू पूर्ण होतं. लोकर ओली, डोळे मिटलेले. मेंढी ते चाटत राहिली.

गुंडाप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर काठी उचलली. खांद्यावर, कमरेवर, मांडीवर. ती उभी राहून मार खात होती. गुंडाप्पा मारता मारता रडायला लागले. "खाटीकबी गाभनीला हात लावत न्हाय गं. खाटीकबी."

त्या रात्री ती दोन तास झोपली. मार खाऊन अंग दमलं होतं म्हणून. सकाळी तिनं दीपालीला फोनवर हे सांगितलं. "आप्पानं आजूनबी मारावं असं वाटतंय," ती म्हणाली. 

वैजनाथ शाळेतून सुटून घरी आला. त्याचं वेगळंच. सहा वर्षं रात्रपाळी. दिवस उजाडला की झोपायचा, कानाला यंत्राच्या आवाजाची सवय लागलेली. आता रात्री डोळा लागत नव्हता आणि दिवसा घरात शांतता सोसत नव्हती. दोन खोल्यांच्या घरात न झोपणारी दोन माणसं. ताटावरून भांडण, चार्जरवरून भांडण. एकदा तिनं तांब्या फेकला, त्याची भुवई फुटली. त्यानं तिला वेणी धरून भिंतीवर आपटलं. सिताबाई मधे पडली तर तिलाही लागलं.

"एकाच पोटातनं दोन लांडगं काढले म्या," ती म्हणाली.

मग तो दुपारचा प्रकार.

ज्ञानेश्वरी उंबऱ्याशी बसली होती. तशीच, उकिडवी, टाच उचललेली. बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. मान खाली गेली, तोंड उघडं पडलं. सिताबाई भाकरी थापत होती. तिनं वळून पाहिलं आणि तिचे हात थांबले. कितीतरी दिवसांनी पोरगी झोपली होती. तिनं तवा उतरवला, आवाज होऊ नये म्हणून चिमटा पदरानं धरला. ऊन सरकत पोरीच्या पाठीवर येत होतं. सिताबाई घोंगडी घेऊन आली. पाठीवर पांघरली, आणि पांघरल्यावर माय जसा हात फिरवते तसा हात फिरवला.

ज्ञानेश्वरी सुटली. डोकं मायेच्या हनुवटीवर खालून आदळलं. लाकूड मोडावं तसा आवाज झाला. कोपर तिच्या छातीत बसलं. सिताबाई मागं फेकली गेली ती जात्यावर. हात अंगाखाली सापडला. ज्ञानेश्वरी दोन पावलं पुढं जाऊन थांबली, वळली, आणि तेव्हा जागी झाली.

मायेच्या तोंडातून रक्त येत होतं. रक्तातून दात आले. हात मनगटात उलटा वळला होता.

वैजनाथनं शेजारच्या गोरोबाची जीप काढायला लावली. सिताबाईला मागच्या बाकड्यावर घातलं. गावाच्या तोंडाशी कळक आडवा होता.

"कमिटीची चिठ्ठी?" कुलदीप म्हणाला. तोंडाला रुमाल, हातात काठी.

"माय मरायलीय, दिसंना का तुला?" वैजनाथ ओरडला.

"मला दिसतंय रं. पर कागुद पायजे. काका अध्यक्ष हायत, त्यांचं म्याच ऐकलं न्हाय तर लोक काय म्हनतील? गोरोबाकाका, तुमी तरी समजून घ्या. तासाभरात येतेत ते."

गोरोबा स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. मागं सिताबाईच्या घशातून घरघर येत होती.

ज्ञानेश्वरी खाली उतरली.  कळकाची दोरी दातांनी तोडली. उजवीकडच्या खांबाला मिठी मारली आणि हलवून हलवून उपटला. बुडाला ओली माती चिकटली होती. कुलदीप म्हणाला, "ए, सरकारी..." त्याचं वाक्य तिथंच राहिलं. पहिला घाव खांद्यावर. हाड मोडलेलं सगळ्यांनी ऐकलं. दुसरा कानावर. तो गुडघ्यांवर आला. तिसरा पाठीत. बाकीची पोरं काठ्या टाकून ज्वारीच्या कडब्यामागं पळाली. ती चौथा उचलणार तेव्हा वैजनाथनं तिला कमरेतून धरून जीपमध्ये टाकलं. पाठीला हात न लावता. तेवढं भान त्याला राहिलं.

खांब तिनं सोडला नाही.

लोहाऱ्याच्या डॉक्टरांनी सिताबाईचा जबडा तारेनं बांधला. मनगटाला प्लास्टर. "सहा आठवडे बोलायचं नाही. नळीनं पातळ द्या," ते म्हणाले. परत येताना रस्त्यावर कुणी नव्हतं. ज्ञानेश्वरीनं गोरोबाला जीप थांबवायला लावली आणि दुसरा खांबही उपटला. गोरोबा म्हणाला, "पोरी, ह्यो नको." तिनं तो जीपच्या टपावर टाकला.

घरी आल्यावर तिनं मेंढरांची दोरी आणून भावाच्या हातात दिली.

"मला बांध. झोपताना रोज बांध. खाटंला."

"येडी झालीस का?"

"बांध म्हनते ना. पुन्ना कुनाला मारीन."

त्यानं बांधलं. मनगटं आणि घोटे. सकाळी दोरीखाली कातडी सोलून निघाली होती.

मग तिनं मायेला स्टीलची थाळी आणि चमचा आणून दिला. माय बोलू शकत नव्हती. "माज्याजवळ यायचं आसंल तर आदुगर हे वाजव. हात लावायचा न्हाय. कदीच न्हाय. ऐकलंस का, माय?" सिताबाईनं मान हलवली. त्या दिवसापासून ती घरभर थाळी घेऊन फिरायची. टण. टण. मग पोरगी वळून बघायची, आणि मग माय जवळ जायची.

ज्ञानेश्वरीनं खांबांचं काम काढलं. बाटली फोडून काच घेतली आणि रंग खरवडायला बसली. लाल पट्टा, पांढरा पट्टा, खाली परत बाभळीचं जुनं लाकूड. बोटं कापायची. कापलेल्या बोटांवर हळद दाबायची आणि परत बसायची. पहिला खांब दोन दिवसांत स्वच्छ झाला. त्याला तेल पाजलं. अंगणाच्या कडेला खड्डा खणला, खांब उभा केला, भोवती दगड ठोकून बसवले. तिच्या कमरेच्या थोडा वर. हलवून पाहिलं. हलला नाही.

त्या संध्याकाळी तिनं खांबावरून दोनशे वळसे घेतले. तळवा, झोक, सूर. तळवा, झोक, सूर. अंगणातली माती उकरली गेली. गुडघे सोलले. सिताबाई ओट्यावर बसून बघत होती.

नंतर दोरी न बांधता ती झोपली. पाच तास. माय उंबऱ्यात आडवी बसली, कुणाला आत जाऊ दिलं नाही. गुंडाप्पा बाहेरूनच म्हणाले, "निजली?" सिताबाईनं मान हलवली. तिच्या बांधलेल्या तोंडावर हसू आलं असावं. गुंडाप्पांना तसं वाटलं.

दुसरा खांब मेंढवाड्यात जाणार होता, कारण अंगण तेवढं लांब नव्हतं. तिनं पहिल्या खांबापासून सुतळी ताणली, मैदानाइतकं अंतर मोजलं, खुंटी मारली. खड्डा गुडघाभर खणला. खांब दोन दगडांवर आडवा ठेवून खरवडायला घेतला. अर्धा झाला होता.

चौथ्या दिवशी दुपारी कुलदीपचा चुलता आला. दारापासून सहा फूट लांब उभा राहिला. तोंडाला मास्क. सोबत चौघं.

"गुंडाप्पा, पोराच्या खांद्यात सळई घालावी लागतीय. कानानं आयकू येत न्हाय. तरी म्या पोलिसात गेलो न्हाय. का गेलो न्हाय? गावची पोर हाय म्हनून."

गुंडाप्पांनी हात जोडले. "मालक, तिचं डोस्कं ठिकान्यावर न्हाय. झोप न्हाय तिला."

"झोप कुनाला हाय? मला हाय का? खांब गावचे हायत. दिवस मावळायच्या आत दोनीबी रस्त्यावर लागले पायजेत. न्हाय तर केस. पोरगी आत जाईल. तिचं खेळ-बिळ, नोकरी, समदं संपलं मग."

ते गेले. गुंडाप्पा खाली बसले. वैजनाथनं पहार उचलली.

ज्ञानेश्वरी खांबापुढं येऊन उभी राहिली.

"दादा, ह्यो न्हाय."

"सर बाजूला. आत जाशील तू."

"जाईन. ह्यो उपटला तर म्या तसंबी मरन. काल म्या झोपले दादा. पाच तास झोपले."

"म्या झोपलो का? म्या काय करू? मला कोनता खांब रोवायचा?"

त्यानं तिला ढकललं. तिनं त्याच्या दंडाचा लचका तोडला. त्यानं उलट्या हातानं तिच्या तोंडावर मारलं. ती पडली, उठली, परत अंगावर गेली. त्यानं पोटात गुडघा घातला. ती मागं कोलमडली आणि खांबापासून आठ-दहा हातांवर मातीत बसली. श्वास सापडत नव्हता. सवयीनं उकिडवी झाली. एक पाय मागं. टाच वर. ओठातलं रक्त मनगटानं पुसत ती खांबाकडं बघत होती.

वैजनाथनं बुडाशी पहार मारली. दगड घट्ट बसले होते, ठिणग्या उडाल्या. पुन्हा मारली. खांब हलेना. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो शिव्या देत होता, कुणाला ते कळत नव्हतं. मग त्यानं पहार दोन्ही हातांनी आडवी उचलली. खांब मोडून टाकायचा.

सिताबाई घरातून धावत आली. थाळी चुलीपाशी राहिली होती. तिला ओरडायचं होतं. तारेनं बांधलेल्या तोंडातून नुसता 'अं' आला. पोरगी आता उठेल आणि पुन्हा भावाच्या अंगावर जाईल, एवढंच तिला दिसत होतं. तिला धरावं म्हणून तिनं चांगला हात पुढं केला. पोरीच्या पाठीवर ठेवला.

ज्ञानेश्वरी सुटली. शब्दासाठी थांबली नाही. तीन पावलं, आणि खांबाकडं सूर. डाव्या हातानं खांब धरलेला. डोकं खांबाच्या उंचीला आलं तेव्हाच पहार आली.

खांब मोडला नाही.

पंचनाम्यात वैजनाथनं एकच सांगितलं. "म्या खांबाला मारलं." साहेबांनी चार प्रकारे विचारलं. चारही वेळा त्यानं तेच सांगितलं. लोक म्हणतात, कोठडीत तो चौदा तास सलग झोपला. शिपायांना वाटलं मेला. एकानं पाठीवर हात ठेवून हलवलं तेव्हा तो किंचाळून उठला.

ज्ञानेश्वरीच्या मातीला वीसच माणसांना परवानगी होती. त्यातली बरीच घरातून बाहेरच पडली नाहीत. धाराशिवहून सर पास काढून मोटारसायकलवर आले. वेशीवर पोरांनी त्यांना अडवलं. तिथं आता बाभळीच्या काटेरी फांद्या टाकल्या होत्या. सर काट्यांच्या पलीकडं उभे राहिले. त्यांच्या हातात तिचे बूट होते. दीपालीनं फोनवरून पाहिलं. मधे रेंज गेली.

सिताबाईचा जबडा सहा आठवड्यांनी सोडला. ती अजून फारसं बोलत नाही. कुणी मागून आलं तर थाळी शोधते. पोलिसांसमोर ती प्लास्टरचा नव्हे, दुसरा हात पुढं करून उभी राहिली होती. हा धरा, असं. त्यांना ते कळलं नाही.

गावबंदी उठली. शाळा सुरू झाली. खो-खोला नवे पाइप बसवले. जुने खांब कुणी मागितले नाहीत. एक अंगणात उभा आहे. गुंडाप्पा त्याला मेंढरू बांधत नाहीत.

दुसरा मेंढवाड्याशी दोन दगडांवर आडवा आहे. बुडापासून मध्यापर्यंत लाकूड स्वच्छ. मध्यापासून पुढं लाल पट्टा, पांढरा पट्टा, लाल पट्टा. शेवटच्या खरवडलेल्या पट्ट्याचा एक पापुद्रा अर्धवट सुटून तसाच लोंबतो आहे. काच बाजूला पडली आहे. सुतळी अंगणातून ताणलेली, खुंटीला बांधलेली. खुंटीशेजारी खड्डा, गुडघाभर.